यावरून ते निघते का?

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



हीरकमहोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेचे ऋण मानावे, गुरुजनांचे स्मरण करावे आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा द्याव्यात, असा प्रघात आहे. ते सारे माझ्या मनात आहेच. परंतु संयोजकांनी मला विषय दिला तो ‘तर्कातील आणि संशोधनातील वैधता’ हा. सोहळ्याच्या दिवशी हा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तरीही तो मी आनंदाने स्वीकारला, कारण प्रवेशाच्या दिवसांत दिल्लीतील प्रत्येक मराठी घरात जी चर्चा होते, ती याच विषयाची असते. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे? कोणती शाळा चांगली? ‘अमक्याची मुलगी तिथे शिकली आणि आज पाहा कुठे पोहोचली’, असे कोणीतरी म्हणते आणि निर्णय होऊन जातो. एका मुलाच्या बारा वर्षांचा निर्णय ज्या वाक्यावर होतो, ते वाक्य तपासून घेण्याची रीत आपल्याला ठाऊक असावी, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

एखादे विधान कानावर आले की आपण विचारतो, ‘हे खरे आहे का?’ प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा एक प्रश्न उभा असतो आणि त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो प्रश्न म्हणजे, ‘यावरून ते निघते का?’ पहिला प्रश्न सत्यतेचा आहे, दुसरा वैधतेचा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली की निम्मे तर्कशास्त्र शिकून झाले, असे मी मानतो.

उदाहरण घेऊ. मुंबईत जन्मलेले सर्व लोक भारतात जन्मलेले असतात. सचिन तेंडुलकर भारतात जन्मले. म्हणून सचिन तेंडुलकर मुंबईत जन्मले. यातील तिन्ही विधाने खरी आहेत. मग युक्तिवादही बरोबर आहे का? सचिनच्या जागी विराट कोहली हे नाव घालून पाहा. दोन्ही आधारविधाने खरीच राहतात, पण निष्कर्ष कोसळतो, कारण कोहली जन्मले ते आपल्या या दिल्लीत. याचा अर्थ, पहिल्या वेळी निष्कर्ष खरा ठरला तो योगायोगाने. आधारविधानांनी त्याला काहीच आधार दिलेला नव्हता. अशा युक्तिवादाला तर्कशास्त्रात अयुक्त किंवा अवैध म्हणतात.

आता उलट उदाहरण. दिल्लीत जन्मलेले सर्व लोक उत्तम गातात. विराट कोहली दिल्लीत जन्मले. म्हणून विराट कोहली उत्तम गातात. पहिले विधान धडधडीत खोटे आहे, हे आपल्या स्नेहसंमेलनांना बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तरीसुद्धा हा युक्तिवाद वैध आहे. आधारविधाने खरी मानली तर निष्कर्ष नाकारता येत नाही. वैधता हा युक्तिवादाच्या साच्याचा गुण आहे. त्या साच्यात काय ओतले, याच्याशी तिचा संबंध नाही. साचाही निर्दोष आणि ओतलेला मालही अस्सल, असे दोन्ही जमले तरच निष्कर्षावर भरवसा ठेवता येतो.

आता पालकांच्या नित्याच्या बोलण्याकडे येऊ. ‘चांगल्या शाळांचे निकाल चांगले लागतात. त्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. म्हणून ती शाळा चांगली आहे.’ हा साचा तेंडुलकरांच्या उदाहरणाचाच आहे. निकाल शंभर टक्के लागण्याच्या वाटा अनेक असतात. शिकवणे उत्तम असेल. घरोघरी शिकवण्या असतील. किंवा नववीतच कच्च्या मुलांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडला असेल. निकालाचा आकडा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष आपोआप निघत नाही.

हे सारे पाश्चात्त्यांकडून आलेले शास्त्र आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. आपल्या न्यायदर्शनाने अनुमानाची चिकित्सा फार बारकाईने केली आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. हे अनुमान उभे राहते ते व्याप्तीवर, म्हणजे ‘जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी’ या अव्यभिचारी साहचर्यावर. हेच वाक्य उलटे करून ‘जेथे अग्नी, तेथे धूर’ म्हटले तर मात्र फसगत होते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला इंधन ओले असावे लागते. या लपलेल्या अटीला नैयायिकांनी ‘उपाधी’ असे नाव दिले.

उपाधीचे त्यांचे आणखी एक उदाहरण मला फार आवडते. मित्रा नावाच्या स्त्रीला अनेक मुले आहेत आणि ती सारी सावळी आहेत. यावरून तिचे होणारे मूलही सावळेच असेल, कारण तेही मित्रेचेच अपत्य, असे अनुमान कोणी केले. नैयायिक म्हणतात, थांबा. सावळेपणाचे कारण मित्रेचे मातृत्व नसून गरोदरपणी तिने खाल्लेला भाजीपाला असेल, तर तो आहार बदलल्यावर मूल गोरेही होऊ शकेल. भाजीपाल्याने रंग ठरतो हे त्या काळचे शरीरविज्ञान आज कोणी मानणार नाही. पण विचाराची पद्धत पाहा. दोन गोष्टी नेहमी एकत्र दिसल्या, तरी त्यांच्यामागे तिसरीच गोष्ट उभी नाही ना, हे पाहिल्याविना निष्कर्ष काढू नये. आजचे संख्याशास्त्र संशोधनाच्या आराखड्यात जे सर्वांत आधी शोधते, ते हेच. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ ही आपली म्हण योगायोगाचा इशारा देते. उपाधीची कल्पना त्याच्या पुढे जाते. फांदी आधीच किडली होती का, हे ती पाहायला सांगते.

शुद्ध तर्काकडून संशोधनाकडे वळताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. तर्कशास्त्रात युक्तिवाद वैध असतो किंवा नसतो. मधली अवस्था नाही. संशोधनात मात्र वैधता कमी-अधिक असते आणि ती दोन ठिकाणी तपासावी लागते. एक, आपण जे मोजतो आहोत असे म्हणतो, तेच मोजतो आहोत का? दोन, जो फरक दिसला, तो आपण सांगतो त्याच कारणाने पडला का? या दोन्ही प्रश्नांची उत्तम उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत.

पहिले उदाहरण याच शहरातले आहे. पुसा येथील कृषी संशोधनाचा परिसर आपण सर्वांनी पाहिला आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संख्याशास्त्र विभागात १९४० मध्ये एक मराठी तरुण रुजू झाला. त्याचे नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध हे त्यांचे जन्मगाव. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे लंडनला. देशात धान्य किती पिकते, हे त्या काळी कसे ठरत असे? महसूल खात्याचा माणूस शेतावर नजर टाकून सोळा आण्यांपैकी किती आणे पीक आले, ते सांगत असे. ही आणेवारी. शेतसाऱ्यात सूट मिळणार की नाही, गावाला दुष्काळी म्हणणार की नाही, हे त्या नजरेवर ठरे. एखादा अनुभवी पटवारी दर वर्षी अगदी सुसंगत अंदाज देईलही. पण सुसंगती म्हणजे विश्वसनीयता, वैधता नव्हे. दोन किलोला सव्वादोन किलो दाखवणारा तराजू रोज सव्वादोन किलोच दाखवील. तो तराजू सुसंगत आहे, पण चुकीचा आहे.

सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजरेच्या जागी प्रत्यक्ष कापणी आणली. यदृच्छ पद्धतीने गावे निवडायची, गावातून शेते, शेतातून ठरावीक मापाचा तुकडा. तो कापायचा, मळायचा आणि वजन करायचे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ हेच तत्त्व. पण या म्हणीत एक अट गृहीत आहे. भात सगळीकडे सारखा शिजलेला असला, तरच एक शीत दाबून सगळ्या पातेल्याची खात्री करता येते. शेतात पीक सारखे नसते. म्हणून शीत कुठले उचलायचे, हे उचलणाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही. ते यदृच्छेवर सोपवावे लागते.

एवढ्यानेही प्रश्न संपला नाही. कापणीचा तुकडा केवढा असावा, यावरून पुढे मोठा वाद झाला. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. लहान तुकड्यांत खर्च कमी लागतो आणि संख्या वाढवता येते, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. सुखात्मे यांनी वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून तुलना केली आणि दाखवून दिले की तुकडा फार लहान केला तर उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त भरते. कारण साधे होते. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा संभ्रम पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. त्यात लबाडी नसते, मनुष्यस्वभाव असतो. आता थोडे गणित करा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट सीमा येते. तेहतीस फूट बाजूच्या समभुज त्रिकोणात ती जेमतेम पाचवा हिस्सा राहते. जेवढी सीमा अधिक, तेवढे संभ्रमाचे प्रसंग अधिक आणि तेवढी चूक अधिक.

यातून जो धडा मिळतो, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. नमुन्यांची संख्या वाढवली की योगायोगाने होणाऱ्या चुका एकमेकींना छेद देतात आणि विरतात. पण सर्व चुका एकाच दिशेच्या असतील, तर शंभर तुकडे कापा की दहा हजार, तीच चूक कायम राहते. उलट मोठ्या आकड्याच्या जोरावर ती अधिक प्रतिष्ठित होते. ‘इतक्या लोकांनी सांगितले म्हणजे खरेच असणार’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या सर्वांनी एकाच सीमेवरचे रोप आत ओढलेले नाही ना, हे विचारले पाहिजे. सुखात्मे पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. पुसा येथील काम विनायक गोविंद पानसे यांनी पुढे नेले. कृषी संशोधकांसाठी या दोघांनी मिळून लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे कारणाच्या प्रश्नाचे उदाहरण प्लेगच्या काळातले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस उपयोगी आहे, हे कसे सिद्ध करायचे? टोचून घेणाऱ्यांत प्लेग कमी दिसला, असे म्हटले तर शंकेखोर लगेच विचारील की टोचून घ्यायला आले ते कोण? शिकलेले, सुस्थितीतले, हवेशीर घरांत राहणारे असतील, तर ते वाचले यात लसीचे श्रेय काय? मित्रेच्या मुलांची उपाधी ती हीच.

फेब्रुवारी १८९८ मध्ये गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी या शंकेला उत्तर देण्यात आले. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली आणि निम्म्यांना नाही. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, अन्नपाणी तेच, गरिबीही तीच. फरक काय तो लसीचा. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत लस न टोचलेली ६४ माणसे होती; त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ दगावली. लस टोचलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ आजारी पडली आणि ३ दगावली. संख्या लाखांत नाही, दीडशेच्याही आत आहे. तरीही हा पुरावा बोलका आहे, कारण तुलना न्याय्य होती. पुसा येथील वादाने जे शिकवले, त्याची ही दुसरी बाजू. वैधता आकड्याच्या आकारातून येत नाही, ती तुलनेच्या रचनेतून येते. त्या आकड्यांत लस न मिळालेली २६ माणसे आहेत, हेही विसरू नये. एकाच चुलीवर जेवणारी ती माणसे होती. म्हणूनच पुढील काळात अशा प्रयोगांना संमतीचे आणि नीतीचे नियम लागू झाले, आणि ते झाले हे योग्यच झाले.

आता ही दोन्ही साधने घेऊन आपल्या घरी, म्हणजे शाळेत येऊ.

पहिला प्रश्न मोजमापाचा. घरी मराठी बोलणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला इंग्रजीत गणित घातले: एका दुकानदाराने इतके आंबे इतक्या रुपयांना घेतले, त्यांतले इतके नासले, तर उरलेले काय भावाने विकावेत? मुलाने उत्तर लिहिले नाही. शिक्षकाने शेरा मारला, ‘गणितात कच्चा’. त्या प्रश्नाने गणित मोजले की इंग्रजी? तेच गणित मराठीत सांगितल्यावर मूल चटकन सोडवीत असेल, तर तो शेरा अवैध आहे. परीक्षेच्या या गुणाला शिक्षणशास्त्रात सप्रमाणता म्हणतात: जे मोजायचे, तेच मोजले जाणे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी माध्यमाची शाळा चालवण्यामागे भाषेचा अभिमान आहेच. पण मूल काय जाणते, हे त्याला ज्या भाषेत सांगता येते त्या भाषेत ऐकून घेणे, हे त्यामागचे अधिक भक्कम कारण आहे, असे मला वाटते. हाच न्याय आपल्यालाही लागू होतो, हे मात्र विसरू नये. घरी हिंदीच बोलणारे मूल आपल्या शाळेत आले आणि मराठी गणितात अडखळले, तर तोच शेरा आपणही मारता कामा नये.

दुसरा प्रश्न कारणाचा. ‘इंग्रजी माध्यमाची मुले पुढे जातात, म्हणून इंग्रजी माध्यम पुढे नेते.’ येथे उपाधी शोधायला फार लांब जावे लागत नाही. घरातील शिक्षण, आईवडिलांचे उत्पन्न, पुस्तकांनी भरलेले कपाट, शिकवणीचे पैसे, या साऱ्या गोष्टी माध्यमाच्या निवडीबरोबर वाटल्या जातात. उंधेऱ्यासारखी एकाच घरातील तुलना येथे क्वचितच मिळते. तेव्हा त्या विधानावरून तो निष्कर्ष निघत नाही.

टाळ्या वाजवण्यापूर्वी थोडे थांबा, कारण तराजूचे दुसरे पारडेही आपलेच आहे. आज या सभागृहात आपले माजी विद्यार्थी बसले आहेत: अधिकारी, डॉक्टर, अभियंते, शिक्षक, कलावंत. त्यांच्याकडे पाहून आपण अभिमानाने म्हणतो, ‘पाहा, आमच्या शाळेने कशी माणसे घडवली!’ मित्रहो, यावरून ते निघते का? आज येथे आले ते कोण? ज्यांना निमंत्रण पोहोचले, ज्यांचे पत्ते सापडले, ज्यांना यावेसे वाटले. जे आठवीत शाळा सोडून गेले, ज्यांच्या वडिलांची बदली झाली, जे नापास झाले आणि पुन्हा या दारात आले नाहीत, ते या सभागृहात नाहीत. स्मरणिकेतील छायाचित्रे ही यदृच्छ पद्धतीने निवडलेली शेते नव्हेत. सर्वांत भरघोस कणसे पाहून कापलेले ते तुकडे आहेत. सीमेवरचे रोप आत ओढण्याचा मोह शाळांनाही होतो.

याने शाळेविषयीची माझी कृतज्ञता तसूभरही कमी होत नाही. कृतज्ञता हा निष्कर्ष नाही. तिला आधारविधाने लागत नाहीत. पण ‘आमची शाळा चांगली आहे’ हे विधान पालकांपुढे ठेवून आपण त्यांच्या मुलाची बारा वर्षे मागतो, तेव्हा त्या विधानाला पुरावा लागतो आणि तो पुरावा वैध असावा लागतो.

म्हणून या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने एक सूचना करतो. शाळेच्या प्रवेशाची जुनी नोंदवही कपाटात असेल. त्यातून साठ वर्षांतील पाच वर्षे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. त्या वर्षी पहिलीत आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव उतरवावे. हुशार निवडू नयेत, ओळखीचे निवडू नयेत. मग माजी विद्यार्थी संघाने त्यांतील जास्तीत जास्त जणांचा शोध घ्यावा आणि प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारावेत: शाळा कधी सोडली, का सोडली, पुढे काय झाले, आणि शाळेने काय दिले किंवा काय द्यायचे राहिले? किती जण सापडले नाहीत, तो आकडाही तितक्याच ठळकपणे छापावा. सापडले नाहीत त्यांच्याविषयी मौन पाळणाऱ्या अहवालाला मी अहवाल म्हणणार नाही.

असा अहवाल कदाचित आजच्या भाषणांइतका गोड नसेल. काही नावांपुढे आपल्याला खंत वाटेल अशा नोंदी येतील. परंतु शाळा सोडून गेलेल्या मुलीने ‘तिसरीतले अपूर्णांक मला कळले नव्हते आणि कोणाला विचारायची भीती वाटत होती’ असे सांगितले, तर त्या एका वाक्याने पुढच्या तिसरीच्या वर्गाचे जे भले होईल, ते शंभर मानपत्रांनी होणार नाही. आणि शाळेने खरोखरच माणसे घडवली असतील, तर ते त्या नोंदवहीतून दिसेलच. मग ते कोणालाही खोडता येणार नाही.

पालकहो, आपल्या मुलांना पाढे आणि कविता पाठ असाव्यात, हे खरेच. पण त्यांच्या ओठांवर हाही एक प्रश्न असू द्या. दूरदर्शनवरील जाहिरात पाहताना, निवडणुकीचे भाषण ऐकताना, डॉक्टरांच्या औषधाविषयी किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याविषयी ऐकताना, आणि आपण स्वतः त्यांना काही ठासून सांगत असतानाही, त्यांनी नम्रपणे विचारावे, ‘आई, बाबा, यावरून ते निघते का?’ तो प्रश्न उद्धटपणा समजून दटावू नका. आपली शाळा साठ वर्षे मुलांना प्रश्न विचारत आली. आता मुलांनी शाळेला विचारलेल्या प्रश्नांनाही तिने तितक्याच मोकळेपणाने उत्तरे द्यावीत, अशी सदिच्छा व्यक्त करतो.